कागजीपुऱ्याची घराणी आणि आपल्या दिंडीच्या वह्या



या शताब्दी ग्रंथात वीणेवर लेख आहे, पखवाजावर आहे, मुक्कामाच्या गावांवर आहे, पिढ्यान्‌पिढ्या पंगत घालणाऱ्या घरांवर आहे. मग कागदावर लेख कशाला, असं मंडळाच्या बैठकीत दोघा-तिघांनी विचारलं. आमचे एक वयोवृद्ध विणेकरी तर म्हणाले, "अभंग तोंडपाठ हायेत की, कागदाचं काय घेऊन बसायलात?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. वारकऱ्याचा ग्रंथ कंठात असतो. पण कंठात उतरण्याआधी तो कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेला असतो, आणि वही म्हटली की ती कुणीतरी शिवलेली असते, तिचा कागद कुणीतरी केलेला असतो. करणाऱ्याचं नाव वहीवर कुठंच नसतं. म्हणून हा लेख.

लेखाला निमित्त दिंडीच्या पेटीचं. शताब्दीसाठी जुन्या नोंदी पाहाव्यात म्हणून पेटी उघडली. सगळ्यात तळाशी आडवी, पोथीच्या घाटाची अभंगांची वही होती. कागद पिवळसर, जाडसर, हाताला गुळगुळीत. शाई काळीभोर. पान उलटलं तर कापड उलटल्यासारखं वाटतं, मोडत नाही. तिच्यावर हिशोबाच्या वह्या होत्या, काही मोडीत, काही बाळबोधीत. त्या वयानं कितीतरी लहान. पण त्यांची पानं तपकिरी पडलेली, दुमडली की काडकन तुटणारी. कडेचा भाग तर चुरा होऊन पेटीच्या तळाशी साचलेला. आणि नेमकी माणसांची नावं त्याच वह्यांमध्ये आहेत. कोण चाललं, कुणी किती शिधा दिला, कोण वाटेत आजारी पडलं, कोण माघारी आलं नाही. म्हातारी वही धडधाकट आणि तरण्या वह्या मरणपंथाला, हे कसं? याचं उत्तर शोधत शोधत आम्ही दौलताबादेपर्यंत गेलो.

दौलताबादचा किल्ला आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला आहे. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाताना वाटेत लागतो. तो मागं टाकून खुलताबादकडे निघालं की वाटेतच एक लहानसं गाव आहे, कागजीपुरा. नावातच धंदा. इथल्या घरांचं आडनावही कागजी. हाताने कागद करणारी ही मुसलमान घराणी. परंपरा अशी सांगते की महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीवर आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, तेव्हा दिल्लीकडच्या लोकांबरोबर कागद करणारे कारागीरही इकडं आले. पुढं काही वर्षांतच राजधानी परत गेली, पण कागजी इथंच राहिले. सुलतानाचा बेत फसला म्हणून सगळे हसतात. आपल्या मुलखाला मात्र त्यातून कागद मिळाला, हे कुणी बोलत नाही.

कागदाची कला मूळची चीनची. समरकंद, बगदाद अशी मजल-दरमजल करत ती हिंदुस्थानात आली. ती आली त्याची खूण आपल्या बोलण्यात अजून आहे. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर, दस्ता हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं आलेले. आपण ते इतके आपलेसे केले की हरिपाठाच्या वहीला शाई लागली म्हणताना कुणाला परकं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

आता काळाचा थोडा हिशोब करू. ज्ञानोबारायांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तुघलक दौलताबादेला आला तो त्यानंतर ३७ वर्षांनी. आणि नाथबाबांनी ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण पूर्ण केलं ते शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, म्हणून तर नाथांना ते काम हाती घ्यावं लागलं. नकला होत गेल्या याचा अर्थ लोक लिहीत होते, आणि लिहायला काहीतरी मिळत होतं.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. नाथ लहान वयात पैठणहून त्यांच्याकडे आले आणि किल्ल्याच्या हिशोबाचं काम त्यांच्याकडे आलं. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर वह्या चाळत बसले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही कथा आपल्याकडे प्रत्येक कीर्तनकार सांगतो. एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, मग भवाच्या चुकीसाठी किती व्हावा, असं स्वामी म्हणाले, तोही भाग आपल्याला माहीत आहे. आम्ही आजवर ती कथा ऐकताना टाळीकडं लक्ष द्यायचो. आता त्या वह्यांकडं जातं. किल्ल्याच्या जवळच कागदाचं गाव असताना किल्ल्याचं दप्तर दुसरीकडच्या कागदावर चालत असेल, हे आम्हाला तरी पटत नाही. नाथांनी तप केलं ते शूलिभंजन तिथून खुलताबादेच्या पलीकडं, डोंगरावर. म्हणजे नाथांचा गुरुगृहीचा सगळा वावर याच परिसरातला.

दप्तरात काम केल्याची खूण नाथांच्या रचनेतही दिसते. त्यांच्या भारुडांत अर्जदास्त आहे, जाबचिठ्ठी आहे, कौलनामा आहे, ताकीदपत्र आहे. सरकारी कागदाचा साचा घेऊन त्यांनी जिवाचं गाऱ्हाणं देवाच्या दरबारी गुदरलं. गावचा कुळकर्णी, पाटील, रयत सगळ्यांना कागदाची भीती असायची. त्या कागदाच्याच भाषेत नाथ बोलले, म्हणून ते लोकांना चटकन कळलं.

तुकोबारायांच्या बाबतीत तर कागदाचीच कसोटी लागली. दुकानदारी आणि सावकारी त्यांच्या घरची. कर्जखतं त्यांनी इंद्रायणीला दिली, आणि पुढं अभंगांच्या वह्याही त्याच इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या निघाल्या, ही आपली श्रद्धा, तिच्यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही. एवढंच की एकाच नदीत दोन तऱ्हेचे कागद गेले. संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवलेल्या वह्या चाकणकडे जपल्या गेल्या आणि त्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढं गाथा छापली, हे आपण जाणतोच. तिकडच्या बाजूला जुन्नरही कागदासाठी नावाजलेलं होतं. पेशवाईच्या कागदपत्रांत जुन्नरी आणि दौलताबादी ही कागदाची नावं येतात. आपल्याकडं गुळाला, मिरचीला गावाचं नाव लागतं, तसं तेव्हा कागदाला लागायचं.

हा कागद व्हायचा कसा? यात लाकूड नाही, बांबू नाही. फाटकी-तुटकी सुती धोतरं, लुगडी, जुने दोर, गोणपाट, ताग, असा माल. बायका-पोरं बसून त्यातला खडा-कचरा निवडायची. मग ते बारीक तोडून चुन्याच्या पाण्यात कुजत घालायचं, धुवायचं, परत चुना, परत धुणं. त्यानंतर ढेकी. लाकडाचा लांब दांडा, टोकाला जड हातोडा, दुसऱ्या टोकावर माणूस पाय देऊन उभा. पाय दिला की हातोडा उचलला जातो, सोडला की खाली आदळतो. चिंधीचा लगदा होईपर्यंत हे चालायचं. तो लगदा जमिनीत खोदलेल्या पाण्याच्या हौदात सोडायचा. हौदाच्या काठाला बसलेला कारागीर लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची बारीक चटई अंथरून ती हौदात बुडवून आडवी वर उचलतो. पाणी गळून जातं, चटईवर दुधावरच्या सायीसारखा थर राहतो. तो थर म्हणजे कागद. एकावर एक असे थर रचून दगडाखाली दाबायचे, मग एकेक सोडवून चुन्यानं गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचे. वाळल्यावर खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी घोटणी. गुळगुळीत दगड किंवा शिंपला घेऊन ताव घोटत बसायचं, लखलखीत होईपर्यंत. घोटायच्या त्या दगडाला मोहरा म्हणतात.

हौदावर चौकट उचलण्याचं कसब सांगून येत नाही. थर एका बाजूला जाड झाला तर ताव वाया. पाण्यात लगदा किती, हात किती वेगानं उचलायचा, किती हलवायचा, हे बापाजवळ बसून पोरगा शिकायचा. आपला पखवाजी जसा पोराला हात धरून बोल शिकवतो, तसंच. म्हणून हा धंदा घराण्याचा राहिला. निवडणं-घोटणं बायकांकडं, हौद आणि ढेकी पुरुषांकडं. घरातलं एक माणूस बाजूला झालं की सगळं काम अडायचं.

आता म्हाताऱ्या वहीचं गुपित. सुती चिंधीचा धागा लांब आणि चिवट. शिवाय चुना. कागदात चुन्याचा अंश उरतो, आणि हवेतली, शाईतली आंबट द्रव्यं तो मारून टाकतो. गिरणीच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा, आणि शाई फुटू नये म्हणून खळीऐवजी राळ आणि तुरटी. तुरटीमुळं कागदात आम्ल तयार होतं. ते आतल्या आत धागा खातं. बाहेरून वाळवी लागावी लागत नाही, कागद स्वतःच स्वतःला खात बसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. दुसरी गोष्ट शाईची. जुनी पोथीची शाई दिव्याच्या काजळीची आणि डिंकाची. काजळी उडत नाही, कागदाला इजा करत नाही. हिराकस घातलेली शाई मात्र वर्षानुवर्षांनी अक्षराच्या जागी कागद कुरतडते. आमच्या एका हिशोबवहीत काही आकड्यांच्या जागी आकड्याच्याच आकाराची भोकं आहेत!

आपल्या भागाकडं वळू. धर्माबादला रेल्वे आली ती निजामाच्या राज्यात, सिकंदराबाद ते मनमाड हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे झाली तेव्हा, १९०० सालाच्या सुमारास. ही लाईन नीट बघा. धर्माबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद, आणि पुढं दौलताबाद. कागद करणाऱ्या गावाजवळचं स्टेशन आणि आपलं स्टेशन एकाच रुळावर. कुणालाही वाटेल, आता दौलताबादी कागद गाडीत बसून थेट धर्माबादला उतरणार. झालं उलटं. त्याच गाडीतून गिरणीचा कागद आला, गठ्ठेच्या गठ्ठे, एकसारखा, पांढरा, स्वस्त. आमच्या मते कागजीपुऱ्याला सगळ्यात मोठा फटका या रुळांनीच दिला, सरकार बदलल्यानं नव्हे.

छापखान्यांनीही हातभार लावला, आणि त्यात आपलंही हित होतं हे कबूल करायला हवं. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. पुढं सरकारनं २४,००० रुपयांची मदत देऊन तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघाली, पहिला १८६९ मध्ये, दुसरा १८७३ मध्ये. छापलेली पोथी स्वस्त झाली. ज्याला नक्कल करवून घ्यायची ऐपत नव्हती अशा कुणब्याच्या, धनगराच्या, मांगा-महाराच्या घरात ज्ञानेश्वरी जाऊ शकली. छापखान्याला मात्र एका मापाचा, एका जाडीचा कागद लागतो आणि तो यंत्रच देतं. कागज्याच्या हाताला ते साधत नाही. त्याचं नुकसान आणि आपला लाभ एकाच वेळी झाला.

पुढं आपल्याच शेजारी मोठी गिरणी झाली. निजाम उस्मान अली खानाच्या काळात, १९३८ मध्ये, आदिलाबाद जिल्ह्यात सिरपूर पेपर मिल्सची उभारणी झाली. १९४२ मध्ये कागद निघू लागला. जंगलातला बांबू कच्चा माल. त्या गिरणीवरून गावाचंच नाव कागजनगर पडलं. एक कागजीपुरा आणि एक कागजनगर, दोन्ही निजामाच्या राज्यातली, एक हाताचं, दुसरं यंत्राचं. यंत्राच्या गावालाही पुढं वाईट दिवस पाहावे लागले. २०१४ मध्ये गिरणी बंद पडली, कामगारांच्या चुली विझल्या. २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीनं घेतली तेव्हा ती परत सुरू झाली.

हातकागदाकडं कुणी बघितलंच नाही असं नाही. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, त्यात हातकागदाला जागा होती. के. बी. जोशी यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. त्यामुळं कला अगदी बुडाली नाही.

आता आपल्या बाजारपेठेतल्या एका दुकानाविषयी लिहायचं आहे. नाव देऊ नका म्हणून मालकांनी हात जोडले, म्हणून देत नाही. ओळखणारे ओळखतील. दिंडीला वह्या, पावतीपुस्तकं, पत्रिकेचा कागद तीन पिढ्या याच घरानं पुरवला. मिरचीच्या अडतीवर लागणाऱ्या लाल कापडाच्या वह्याही त्यांच्याच. आजोबांच्या काळी कागद रिमाच्या हिशोबानं यायचा. २४ ताव म्हणजे एक दस्ता, २० दस्ते म्हणजे एक रीम, ४८० ताव. (आता रीम ५०० चा झाला, दस्ता शब्द पोरांना ठाऊक नाही.) ताव कापायचे, घड्या घालायच्या, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावून पुठ्ठा डकवायचा, त्यावर लाल कापड. हे सगळं दुकानाच्या मागच्या खोलीत, घरातल्याच माणसांनी. खळीत मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वही उघडायची म्हणून आधीचा महिनाभर रात्री दिवा विझत नसे.

या घराची एक गोष्ट आम्हाला फार लागली. शाळा उघडतात जूनमध्ये आणि वारी निघते त्याच सुमाराला. वह्या-पाट्यांचा सगळा धंदा त्या तीन आठवड्यांचा. त्यामुळं तीन पिढ्यांत या घरातला दुकानावर बसणारा माणूस आषाढीला पायी चालू शकला नाही. आजोबा दरसाल प्रस्थानाच्या आदल्या दिवशी दिंडीची नवी वही मेणकापडात गुंडाळून आणून द्यायचे, वीणेला हार घालायचे आणि दुकानात परत जायचे. वहीचे पैसे घेत नसत. "आमची वही चालती पंढरीला, आम्ही हितंच," असं म्हणायचे. आता तिसऱ्या पिढीचे मालक आहेत. अडतीचे हिशोब कॉम्प्युटरवर गेले, शाळेच्या वह्या मोठ्या कंपन्यांच्या तयार येतात, घरातली मुलं पुण्यात नोकरीला. मालक म्हणाले, "आता वेळ हाय चालायला, पण गुडघे नाहीत." दुकान अजून उघडं आहे. सकाळी झेरॉक्स, दुपारी पत्रिका.

कागजीपुऱ्यातही तसंच. मोजक्या घरांत काम चालतं. चित्रकारांना लागणारा कागद, लग्नपत्रिका, पाकिटं, कागदी पिशव्या असा माल निघतो. पोथीचा कागद कुणी मागत नाही, कारण पोथी कुणी लिहीत नाही. पोरं शिकली, दुसऱ्या कामाला लागली. त्यांनी हौदावर बसावं असं आपण म्हणणं सोपं आहे, आपली पोरं तरी कुठं नांगरामागं जायलीत? पण मागणी आली तर हात अजून शिल्लक आहेत. हे हात ज्यांचे आहेत ते मुसलमान, आणि ज्या वहीवर आपल्या वाडवडिलांनी अभंग उतरवले तिच्या जातीचा कागद त्यांच्याच पूर्वजांचा. गावोगावी माणसं एकमेकांकडं पाठ फिरवायच्या दिवसांत हे लेकरांना सांगून ठेवावं असं आम्हाला वाटतं.

मंडळानं ठरवलं आहे ते असं. तुटणाऱ्या हिशोबवह्यांचं प्रत्येक पान आधी फोटोत घ्यायचं, मग हात लावायचा. मोडीतली पानं वाचून घेण्यासाठी नांदेडच्या जाणत्या माणसांची मदत घ्यायची. पानांना सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही. दोन्हींनी कागद कायमचा जातो. सुती कापडात बांधून लाकडी पेटीत, जमिनीपासून उंच, ओल येणार नाही अशा जागी ठेवायचं. आणि शंभर वर्षांत दिंडीत चाललेल्या सगळ्यांची जी नावं हाती लागतील ती कागजीपुऱ्याच्या कागदावर, काजळीच्या शाईनं, एका आडव्या वहीत नव्यानं उतरवायची. ती वही शिवायचं काम बाजारपेठेतल्या त्याच घरानं मागून घेतलं आहे.

गावातल्या, आणि उमरी, कुंडलवाडी, बिलोलीकडं लग्न होऊन गेलेल्या आपल्या लेकीबाळींच्या घरी जुन्या वह्या, पावत्या, वाटेतून पाठवलेली कार्डं असतील तर ती कार्तिकी एकादशीच्या आत मंदिरात आणून दाखवावीत. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, तिथंच फोटो काढून परत देऊ. आणताना घडी उलगडू नये, जशी आहे तशीच फडक्यात बांधून आणावी.